संडे स्कूलमधला नाताळ: आधी गोष्ट, मग नाटक

डिसेंबर उजाडला की बहुतेक संडे स्कूलमध्ये एकच धांदल उडते. मरीया कोण होणार, पंख कुठून आणायचे, गाणं कोणतं बसवायचं? तीन आठवडे तालमी होतात, कार्यक्रम पार पडतो, टाळ्या मिळतात. मग जानेवारीत मेंढपाळ झालेल्या मुलाला विचारावं, "मेंढपाळ बेथलेहेमला कशाला गेले होते रे?" आणि त्याने गप्प बसावं. त्याचं वाक्य त्याला पाठ होतं, पण गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

म्हणून नाताळची सगळी आखणी एकाच कसोटीवर करा: सण संपल्यावर प्रत्येक मुलाला ख्रिस्तजन्माची गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगता आली पाहिजे. त्यासाठी नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. आधी संहिता आणून ती पाठ करून घ्यायची नाही. नोव्हेंबरभर गोष्ट शिकवायची, मुलांना ती खेळू द्यायची आणि त्या खेळातून जी वाक्यं निघतील त्यांचंच नाटक करायचं.

कॅलेंडर आधी पाहा

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो. नाताळ सोमवारी आला, की आगमनकाळाचा चौथा रविवार थेट २४ डिसेंबरला येतो (२०२३ मध्ये तसं झालं होतं, २०२८ मध्ये पुन्हा होईल). अशा वर्षी "चौथ्या रविवारी कार्यक्रम करू" असं ठरवलं तर निम्मी मुलं गावी गेलेली असतात आणि उरलेल्यांच्या घरी पाहुणे असतात. कार्यक्रम तिसऱ्या रविवारी ठेवणं केव्हाही सोयीचं. पाळकांना ऑक्टोबरातच विचारून तारीख पक्की करा, कारण मोठ्यांच्या क्वायरची शेवटची तालीम नेमकी त्याच संध्याकाळी, त्याच वेदीसमोर असते.

नोव्हेंबरचे चार रविवार गोष्टीचे. पहिल्या रविवारी तारणारा येणार हे वचन: पवित्र शास्त्रातले यशया ९ आणि मीखा ५:२. दुसऱ्या रविवारी गब्रीएल देवदूत आणि मरीया: लूक १:२६-३८. तिसऱ्या रविवारी प्रवास आणि जन्म: लूक २:१-७. चौथ्या रविवारी मेंढपाळ: लूक २:८-२०. मागी लोकांचा, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचा भाग (मत्तय २) मुद्दाम जानेवारीसाठी राखून ठेवा. डिसेंबरचे दोन रविवार तालमीचे. त्याशिवाय कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पोशाखासह एक पूर्ण तालीम. याहून जास्त तालमी घेतल्या तर मुलं कंटाळतात आणि वाक्यं पोपटासारखी होतात.

गोष्ट शिकवायची कशी

पाऊण तासाचा वर्ग असेल तर गोष्ट सांगायला दहाच मिनिटं घ्या आणि ती खेळायला वीस. उरलेला वेळ गाणं, प्रार्थना आणि आवराआवर.

सांगण्याआधी तो उतारा स्वतः तीनदा वाचा, कारण आपल्या डोक्यात पवित्र शास्त्रापेक्षा नाताळची चित्रं जास्त बसलेली असतात. लूकने या गोष्टीत गाढवाचा उल्लेख केलेला नाही. "जागा नाही" म्हणून दार लावणारा उतारशाळेचा मालकही मजकुरात नाही, फक्त उतारशाळेत जागा नव्हती एवढंच आहे. मागी किती होते हे मत्तयाने सांगितलेलं नाही. तीन हा आकडा सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून आला. शिवाय ते गव्हाणीपाशी आले नाहीत, घरात आले (मत्तय २:११). बैल आणि गाढव गव्हाणीपाशी आले ते यशया १:३ वरून, आणि १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो इथे संत फ्रान्सिसने गव्हाणीचा देखावा उभा केला तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं.

याचा अर्थ नाटकातून गाढव हाकलून द्या असा नाही. लहान मुलांना प्राणी हवेच असतात. फक्त नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना शास्त्र उघडून शोधायला लावा: काय लिहिलं आहे आणि काय आपण भर घातली आहे? या वयाच्या मुलांना अशी तपासणी मनापासून आवडते. ज्या मुलाने स्वतः शोधून "यात गाढव नाहीच" असं सांगितलं, तो ती ओळ विसरत नाही.

आता खेळायची वीस मिनिटं. समजा मेंढपाळांचा भाग आहे. खोलीत दिवे मंद करा. चार-पाच मुलांना जमिनीवर बसवा आणि विचारा: रात्र आहे, थंडी आहे, तुम्ही मेंढरं राखताय, तर आत्ता काय करताय? एक जण जांभई देईल, एक जण शेकोटी पेटवल्यासारखं करेल, एखादा म्हणेल, "मी मेंढ्या मोजतोय, एक कमी आहे." मग अचानक मागून मोठी मुलगी "भिऊ नका!" म्हणत उभी राहते. पुढे काय बोलायचं ते सांगू नका. गप्प बसा आणि कोपऱ्यात बसलेल्या सहशिक्षकाला मुलांचं प्रत्येक वाक्य वहीत उतरवून घ्यायला सांगा. "आपण सगळे गेलो तर मेंढ्यांकडे कोण बघणार?" असं एखादं मूल विचारतं, आणि असं वाक्य कुठल्याही तयार संहितेत मिळणार नाही. ते तसंच्या तसं नाटकात घ्या.

इथे हमखास होणारी चूक एकच. शिक्षक मध्येच दुरुस्त करतात: "असं नाही, मेंढपाळ असं बोलत नसत." एकदा दुरुस्त केलं की पुढची पंधरा मिनिटं मुलं फक्त तुमच्या तोंडाकडे बघतात. प्रसंग शास्त्राबाहेर जात असेल तर खेळ संपल्यावर पुन्हा उतारा वाचा आणि "आपल्याकडून काय राहिलं?" एवढंच विचारा.

वाट पाहण्याची पेटी

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना "लोक शेकडो वर्षं तारणाऱ्याची वाट पाहत होते" या वाक्यातून काहीच कळत नाही. त्यांना वाट पाहायला लावावं लागतं. बुटांच्या खोक्याएवढी पेटी कापडात बांधून आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी समोर ठेवा. आत बाळाची बाहुली आणि बाळंत्याच्या कापडाची पट्टी असते. दर रविवारी पेटी हलवून पाहायची, काय असेल ते सांगायचं, पण उघडायची नाही. ती उघडते कार्यक्रमाच्या दिवशी, व्यासपीठावर, आणि तीच बाहुली गव्हाणीत जाते. पेटीत गोळ्या-चॉकलेटं घालण्याचा मोह टाळा. एकदा गोड मिळालं की मुलांच्या लेखी बाळ फुकट जातं.

जरा मोठ्या मुलांसाठी आगमनकाळाचं मेणबत्त्यांचं कडं आहेच. १८३९ मध्ये हाम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न यांनी आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या. म्हणजे ही प्रथा मुळात मुलांसाठीच निघाली. आज चार रविवारांच्या चार मेणबत्त्या आणि मध्ये नाताळची पांढरी, एवढंच पुरे. मुलांच्या हाती बॅटरीवरच्या मेणबत्त्याच द्या.

संहिता आणि पात्रं

नोव्हेंबरच्या शेवटी वही समोर ठेवा आणि दोन पानांत बसेल एवढंच नाटक लिहा: साधारण चाळीस वाक्यं, तीन गाणी, एकूण वीस मिनिटं. पंचवीस मिनिटांपुढे लहान मुलं व्यासपीठावरून आईला हाका मारू लागतात. सात वर्षांखालच्या मुलाचं वाक्य पाच-सहा शब्दांचं असावं. ते एका श्वासात म्हणता आलं नाही तर तोडा. निवेदन दहा-बारा वर्षांच्या मुलांकडे द्या आणि त्यांना वाचूनच म्हणू द्या. एखादं मूल अडखळलं तर हातात कागद असलेला निवेदक नाटक सावरू शकतो.

चोवीस मुलांचा वर्ग असेल तर वाटणी साधारण अशी जमते: मरीया, योसेफ, गब्रीएल एकेक, निवेदक तीन, मेंढपाळ पाच, देवदूत पाच, मागी चार आणि मेंढरं चार. मागींची संख्या कुठे लिहिलेलीच नाही, तेव्हा दोन मुलं जास्त आली तर सहा मागी करा.

भूमिका वाटताना मनं दुखावतात, विशेषतः मरीयेवरून. प्रत्येक मुलाकडून चिठ्ठीवर दोन पसंती लिहून घ्या आणि त्यातलीच एक मिळेल असं पाहा. मरीयेला बोलायला फार नसतं, पण तिला बारा-पंधरा मिनिटं सगळ्यांच्या नजरेसमोर स्थिर बसावं लागतं. म्हणून शांत बसू शकणारी मुलगी निवडा, गोड दिसणारी नव्हे. खणखणीत आवाजाचं मूल गब्रीएलसाठी ठेवा. शिक्षकांच्या स्वतःच्या मुलांना प्रमुख भूमिका देऊ नका. पालक बोलून दाखवत नाहीत, पण लक्षात ठेवतात. मरीया, योसेफ आणि गब्रीएल या तिघांची वाक्यं आणखी एकेका मुलाकडून करून घ्या, कारण डिसेंबरात ताप आणि खोकला ठरलेला.

लूकने देवदूतांना स्वर्गातलं सैन्य म्हटलं आहे, आणि पहिला देवदूत दिसताच मेंढपाळ फार घाबरले. तेव्हा देवदूतांना लाजत-मुरकत उभं करू नका. पाय रोवून, मान ताठ ठेवून, समोर पाहत उभे राहिले की प्रसंगाला वजन येतं.

मागींना दाखवायचंच असेल (पालकांची अपेक्षा असतेच) तर निवेदकाने "बऱ्याच दिवसांनी" असं म्हणावं, मरीया आणि योसेफ गव्हाण सोडून व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाला, घरात जाऊन बसावेत आणि मग मागींनी यावं. एवढ्या हालचालीने मोठ्यांनाही मत्तयाची गोष्ट नव्याने ऐकू येते.

पोशाख आणि सामान

पंख लागत नाहीत. या उताऱ्यांत देवदूतांच्या पंखांचा उल्लेख नाही आणि तारेचे पंख शेजारच्या मुलाच्या डोळ्यात जातात. पांढरा सैल झगा आणि कमरेला सोनेरी पट्टा पुरतो. झगा घोट्याच्या चार बोटं वर संपला पाहिजे, नाहीतर पायरी चढताना मूल पायात अडकून पडतं. मेंढपाळांच्या डोक्यावर एक मीटर चौरस कापड आणि ते धरायला ४५ सेंटिमीटर इलॅस्टिकची शिवलेली कडी. नुसती दोरी बांधली तर पाचव्या मिनिटाला कापड डोळ्यांवर येतं. कापसाच्या दाढ्या आणि अंगभर कापूस चिकटवलेली मेंढरं नकोत. कापूस झडतो, नाकातोंडात जातो आणि ठिणगी पडली तर भडकतो. हेअरबँडला फेल्टचे दोन कान लावले की मेंढरू तयार. चेहरा रंगवायचा असेल तर नाकावर एक काळा ठिपका, बस.

गव्हाण जमिनीवर ठेवली तर तिसऱ्या रांगेपलीकडे कुणालाच बाळ दिसत नाही. ती ४५ सेंटिमीटर उंच घ्या आणि मागचे पाय दहा सेंटिमीटरने उंच करून पुढे कलती ठेवा. कलती ठेवली म्हणजे बाहुली घसरणार, म्हणून तिला पाठीमागून दोन टाके घालून गादीला शिवा. पेटीतली बाहुली व्यासपीठावरच काढायची असेल तर टाक्यांऐवजी वेल्क्रोची पट्टी लावा. बाळंत्याची पट्टी बारा सेंटिमीटर रुंद आणि दोन मीटर लांब फाडा आणि बाहुली आधीच गुंडाळून ठेवा. व्यासपीठावर गुंडाळायला गेलं की मरीयेचे हात थरथरतात आणि पट्टी संपतच नाही. खरं गवत दम्याच्या मुलांना त्रास देतं, त्याऐवजी तागाचे धागे किंवा तपकिरी कागदाच्या पट्ट्या वापरा. तारा एका दोरीने टांगला तर गरगर फिरतो आणि त्याची कोरी पाठ लोकांसमोर येते, तेव्हा तो दोन टोकांना बांधा.

हस्तकला: मिठाच्या कणकेची गव्हाण

सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ही सगळ्यांत चांगली वस्तू, कारण ती घरी गेल्यावर गोष्ट सांगायला उपयोगी पडते. दहा मुलांना दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ आणि पाऊण ते एक कप पाणी लागतं. मैदा आणि मीठ कोरडंच एकत्र करा, पाणी थोडंथोडं घाला आणि आठ-दहा मिनिटं मळा. हाताला चिकटत असेल तर चमचाभर मैदा, दुमडल्यावर चिरा पडत असतील तर ओल्या हाताने पुन्हा मळा. गोळा ओल्या कापडाखाली झाका.

प्रत्येक मुलाला लिंबाएवढे दोन गोळे द्या. एकाची अंगठ्याने दाबून होडीसारखी गव्हाण, दुसऱ्याचं शेंगेसारखं बाळ आणि त्याला वाटाण्याएवढं डोकं. डोकं नुसतं टेकवलं तर वाळल्यावर गळून पडतं. दोन्ही बाजूंना टूथपिकने ओरखडे काढा, पाण्याचं बोट लावा आणि मग दाबा. कुठलाही भाग एक सेंटिमीटरपेक्षा जाड नको. वरचा थर आधी सुकून आकसतो आणि आतला ओलाच राहतो, म्हणून जाड वस्तू तडकते. याच कारणाने कडक उन्हात किंवा पंख्याखाली वाळवू नका. सावलीत दोन-तीन दिवस ठेवा आणि रोज उलटा. ओव्हन असेल तर १०० अंशांवर दोन ते तीन तास. रंग पूर्ण वाळल्यावरच द्या, आणि वरून वार्निशचा हात फिरवा. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे वार्निश नसेल तर दमट दिवसांत बाळ पुन्हा मऊ पडतं. रंगकामासाठी दुसरा रविवार लागतो हे आधीच धरून चला. एकाच दिवसात उरकायला गेलं की ओल्या कणकेवर रंग पसरतो आणि सगळी बाळं राखाडी होतात. कणीक खाऊ देऊ नका, तिच्यात मिठाचं प्रमाण फार असतं. घरी कुत्रा असेल तर वस्तू त्याच्या आवाक्याबाहेर ठेवायला पालकांना सांगा.

गाणी आणि माईक

मोठ्या पुरुषाच्या सोयीच्या पट्टीत गाणं बसवलं की मुलं खालच्या सुरांना नुसती पुटपुटतात आणि सगळे म्हणतात, "मुलांचा आवाजच निघत नाही." हार्मोनियमची पांढरी एक हा मध्य सा धरला तर मुलांचा सोयीचा पल्ला साधारण मध्य रे ते तार रे एवढा असतो. गाण्याचा सर्वांत खालचा सूर मध्य रेच्या खाली जात असेल तर पट्टी चढवा. तीन गाण्यांपैकी एकच नवं शिकवा.

एकच माईक हातोहात फिरवण्याची पद्धत सोडून द्या. त्यात दर वाक्यामागे पाच सेकंद जातात आणि लहान मुलं माईक तोंडात घालतात. एक निवेदकांपुढे स्टँडवर, एक गव्हाणीजवळ मुलांच्या छातीच्या उंचीवर, असे दोन पुरतात. स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला असू द्या. मागे राहिले की शिट्टी वाजते, आणि त्या आवाजाने मेंढरं रडू लागतात.

कार्यक्रमाचा दिवस

मुलांना तासभर आधी बोलवा, त्याहून लवकर नको. आधी खाणं, मग पोशाख, हा क्रम बदलू नका. सुरुवातीच्या पंधरा मिनिटं आधी सगळ्यांना स्वच्छतागृहात नेऊन आणा, मेंढरांना पुन्हा एकदा पाच मिनिटं आधी. प्रत्येक खोलीत किमान दोन मोठी माणसं हवीत, आणि तीन ते पाच वर्षांच्या सहा मुलांमागे एक. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलासाठी बाजूची एक शांत खोली उघडी ठेवा, आणि त्याला आधीच दाखवून ठेवा. फोटो इंटरनेटवर टाकायचे असतील तर पालकांची लेखी संमती नोव्हेंबरातच घ्या.

सगळ्यांत जास्त गोंधळ शेवटच्या गाण्यानंतरच्या दहा मिनिटांत होतो. पालक व्यासपीठावर चढतात, मुलं पोशाखातच पसार होतात, एखादं छोटं मूल हरवतं. निवेदकाकडूनच जाहीर करवा की पालकांनी जागेवर थांबावं. मुलं एकाच दाराने बाहेर येतील, पोशाख तिथेच उतरवतील आणि यादीत खूण करून घरच्यांच्या हाती दिली जातील.

भेटवस्तू द्यायच्या असतील तर सगळ्यांना सारख्याच द्या आणि पटसंख्येपेक्षा दहा टक्के जास्त आणा, कारण त्या दिवशी भावंडं आणि पाहुण्यांची मुलंही येतात. मुलांनी आपसांत भेटी देण्याचा खेळ टाळलेला बरा. ज्याच्या घरी परवडत नाही तो मुलगा त्या रविवारी येतच नाही. एखाद्याने सांता खरा आहे का असं विचारलं तर चौथ्या शतकात मायरा (आजच्या तुर्कस्तानात) इथे होऊन गेलेल्या बिशप निकोलस यांच्याबद्दल सांगा, आणि बाकीचं त्याच्या आईवडिलांवर सोपवा.

जानेवारीचा पहिला रविवार

६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणाजवळच्या (त्या दिवशी मागींच्या भेटीची आठवण करतात) रविवारी मागींची गोष्ट घ्या. सजावट उतरवलेली असते, गर्दी नसते, मुलं निवांत असतात. ज्यांनी कणकेच्या गव्हाणी केल्या त्यांना त्या घरून आणायला सांगा. मुलांना दोघादोघांत बसवा. एकाने गव्हाण हातात घेऊन गब्रीएलपासून मेंढपाळांपर्यंत गोष्ट सांगायची, दुसऱ्याने फक्त "मग काय झालं?" विचारायचं. पाच मिनिटांनी बाजू बदला. तुम्ही वही घेऊन फिरा आणि कोण कुठे अडतं ते टिपा. बहुतेक जण नावनिशीपाशी, म्हणजे लोकांच्या नोंदणीपाशी, अडतात: मरीया आणि योसेफ नासरेथ सोडून बेथलेहेमला का निघाले हेच त्यांना सांगता येत नाही. तसं दिसलं तर पुढच्या नोव्हेंबरात तिसऱ्या रविवारी रोमन सम्राट कैसर औगुस्ताच्या नावनिशीच्या हुकुमाला आणखी दहा मिनिटं द्या आणि तशी नोंद पोशाखांच्या खोक्यातच, वरच्या बाजूला, कागदावर लिहून ठेवा.